आमच्या पुलावर साठ एसटी गाड्या कायमच्या उभ्या आहेत

खाडीपुलाची देखभाल ज्यांच्याकडे आहे त्या सर्व अभियंत्यांस खुलं पत्र

महोदय,

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या खाडीपुलाच्या दोन्ही तोंडांना लोखंडी कमानी उभ्या राहिल्या. पिवळा-काळा रंग, शेजारी 'जड वाहनांस बंदी'चा फलक. तेव्हापासून एसटी अलीकडेच थांबते. माणसं उतरतात, पिशव्या-बोचकी घेऊन ३८० मीटर पूल चालत ओलांडतात आणि पलीकडे सहा आसनी रिक्षाची वाट बघत उभी राहतात. कोळणी मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन हाच प्रवास दिवसातून दोनदा करतात. ग्रामीण रुग्णालय पलीकडे आहे. १०८ ची गाडी कमानीखालून जेमतेम जाते. चालक दर वेळी खाली उतरून, टपाकडे बघून मगच आत घालतो.

बंदीबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगतो. पूल अशक्त असेल तर बंदी घातलीच पाहिजे. सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री एसटी गाड्यांसकट वाहून गेला. त्यानंतर कोकणातला कुणीही शहाणा माणूस पुलावरच्या बंदीला हसत नाही. माझी तक्रार बंदीनंतर तुम्ही जे करायला निघाला आहात त्याबद्दल आहे. दुरुस्तीच्या निविदेचं बाबनिहाय परिमाणपत्रक मी उतरवून घेतलं आणि चष्मा पुसून दोनदा वाचलं. खराब भाग फोडून पॉलिमर मॉर्टर भरणे, गनायटिंग (दाबाने सिमेंट-वाळूचा फवारा मारणे), रंगकाम आणि शेवटी पूर्ण लांबीत ५० मिमी जाडीचा डांबरी थर. हे सगळं २०२१ मध्येही झालं होतं, एक तो डांबरी थर सोडून. तो त्याआधी तीनदा झाला होता.

मी कोण, तर याच पुलाचा एक जुना गुन्हेगार. १९८४ साली नोकरीला लागलो आणि पहिलं मोठं काम मिळालं ते हेच. २० मीटरचे १९ गाळे (दोन खांबांमधले भाग), आरसीसी गर्डर म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या तुळया, वर डेक स्लॅब म्हणजे रस्ता पेलणारी लादी, रस्त्याची रुंदी साडेसात मीटर. १९८७ मध्ये पूल खुला झाला आणि खाडी ओलांडायची होडी, म्हणजे आमची तर, बंद झाली. माझ्या आईने त्या दिवशी तांडेलाला नारळ दिला होता, निरोपाचा. एक गोष्ट मात्र कुठल्याही नोंदवहीत नाही, ती इथे लिहून ठेवतो. त्या वर्षी एप्रिलमध्ये साइटवरच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं होतं. टँकर दोन दिवस आला, मग बंद झाला. ओतकाम थांबलं नाही. मी कनिष्ठ होतो, पण मला पाण्याची चव कळत होती. काँक्रीटमध्ये मीठ गेलं की आतली सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. आज ज्या गाळ्यांचं पोट सगळ्यात जास्त फुटलंय ते कोणते, हे मला बघायला जावं लागत नाही.

डांबराचंही तसंच. १९९८ आणि २००७ चे दोन थर माझ्या सहीने मोजमाप पुस्तिकेत चढले आहेत. तिसरा २०१५ चा. जुना थर खरवडून काढायचा आणि मग नवा टाकायचा, हे कागदावर होतं. खरवडायला वेळ लागतो, वाहतूक अडते, पावसाळा तोंडावर असतो. म्हणून जुन्यावर नवा. आता हिशेब करू. तीन थरांचं मिळून १५० मिमी. डांबरी मिश्रणाचं वजन घनमीटरला सुमारे २३०० किलो धरा. पुलाचं क्षेत्रफळ २,८५० चौरस मीटर. म्हणजे जवळजवळ ९८० टन. प्रवाशांनी भरलेली एसटी १६ टनांची धरली तर ६० गाड्या या पुलावर गेली कित्येक वर्षं ब्रेक लावून उभ्या आहेत, रात्रंदिवस. त्यातल्या वीस-वीस मीच दोनदा आणून लावल्या. आता तुम्ही आणखी वीस आणणार आहात. आणि कमान लावून थांबवली कुणाला, तर सकाळच्या साडेसहाच्या एका एसटीला.

गेल्या अमावस्येला ओहोटीच्या वेळी आमच्या वाडीतल्या एका तांडेलाच्या होडीतून मी पुलाखाली गेलो होतो. सोबत अर्ध्या किलोची हातोडी. गर्डरच्या तळाला ठोकत गेलो. चांगलं काँक्रीट टणटण वाजतं, आतून सुटलेलं बदबद वाजतं, हे तुम्हाला सांगायला नको. सातव्या गाळ्यात २०२१ चं एक ठिगळ हातोडीच्या तिसऱ्या ठोक्याला सुटलं आणि नारळाच्या करवंटीसारखं होडीत पडलं. ठिगळ स्वतः उत्तम होतं, कडक, एक तडा नाही. त्याच्या पाठीवर सळईचा ठसा होता, तोही बऱ्यापैकी स्वच्छ. पण ठिगळाच्या कडेला, जिथे जुनं काँक्रीट सुरू होतं तिथे, सळईचा पापुद्रा निघत होता. बोटाने चोळला तर विटकरी पूड.

दुरुस्तीतली ही जुनीच गंमत आहे. गंजलेल्या जागेपुरतं काँक्रीट फोडून तिथे नवं, मीठ नसलेलं मॉर्टर भरलं की तेवढी सळई निवांत होते. पण शेजारचं काँक्रीट अजून मिठाने भरलेलं असतं. एकाच सळईचा एक भाग गोड काँक्रीटमध्ये, दुसरा खारट काँक्रीटमध्ये. मग गंजण्याचं काम शेजारी सरकतं आणि तिथे पूर्वीपेक्षा वेगाने चालतं. ठिगळ जितकं चांगलं तितका शेजारचा भाग लवकर मरतो. २०२१ च्या ठेकेदाराने चोरी केली असं मी म्हणत नाही. त्याने सांगितलं ते चोख केलं. सांगितलं तेच चुकीचं होतं.

हे खारं पाणी खालून, भरतीच्या शिंतोड्यांतून येतं, हे खरं. पण आमच्या पुलाला पाणी वरूनही मारतं, आणि त्याकडे कुणी बघत नाही. डांबर पाणी अडवत नाही, धरून ठेवतं. पाणी निघायचे पाइप तीन थरांखाली गाडले गेले. एक्स्पान्शन जॉइंटमधलं, म्हणजे दोन गाळ्यांमधल्या फटीतलं, रबर कधीच गेलं. पावसाचं पाणी रस्त्यावरची खाऱ्या वाऱ्याची माती घेऊन जॉइंटमधून थेट पिअर कॅपवर (खांबाच्या माथ्यावर) आणि बेअरिंगवर (गर्डर टेकतो त्या उशीवर) पडतं. सप्टेंबरात पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनीही पुलाखाली ठिबक चालू असते.

म्हणून मी मार्च महिन्यात तुम्हाला पत्र लिहिलं होतं की, या वेळी दुरुस्तीच्या पर्यायांत अति-उच्च क्षमतेच्या काँक्रीटचा, म्हणजे यूएचपीसीचा, निदान विचार तरी करा. आपलं उत्तर आलं. एका ओळीचं. सुचवलेली बाब प्रचलित दरसूचीत, म्हणजे सरकारी कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीत, नाही.

हे पत्र जाहीर लिहिण्याचं कारण ती ओळ आहे. आणि बाब काय आहे हे गावातल्या लोकांनाही कळावं म्हणून थोडं सोप्या भाषेत सांगतो.

आपल्या नेहमीच्या काँक्रीटमध्ये सिमेंटच्या निम्म्याच्या आसपास पाणी असतं. त्यातलं लागतं तेवढं वापरलं जातं, उरलेलं उडून जातं आणि मागे बारीक नळ्यांचं जाळं सोडतं. त्याच नळ्यांतून पुढे मीठ आत शिरतं. यूएचपीसीमध्ये पाणी सिमेंट आणि सिलिका फ्यूमच्या (सिलिकाच्या अतिबारीक भुकटीच्या) मिळून एक पंचमांश किंवा त्याहून कमी. मोठी खडी नाही. बारीक वाळू आणि त्याहून बारीक भुकट्या अशा बसवलेल्या की कणांमध्ये फट राहू नये. आणि त्यात पोलादाचे केस: १३ मिमी लांब, ०.२ मिमी जाड, एका घनमीटरला दीडशे किलोहून जास्त. आपल्या पुलाचं काँक्रीट दाबाला २५-३० मेगापास्कल पेलत असेल, तर हे १५० च्या घरात पेलतं. पण दाबाचा आकडा माझ्या दृष्टीने दुय्यम आहे. मोलाच्या गोष्टी दोन. एक, त्यातून पाणी जवळजवळ शिरतच नाही. दोन, ताण आला की ते एकदम फुटत नाही. डोळ्यांना न दिसणारे असंख्य बारीक तडे जातात आणि ते केस त्यांना शिवून धरतात. ओतताना दिसतं कसं, तर घावनाच्या पिठासारखं. जरा घट्ट घावनाच्या.

स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक ऑयगेन ब्रूविलर यांनी याच द्रव्याचा पातळ थर जुन्या पुलांवर घालायची पद्धत उभी केली. वाले प्रांतातल्या ला मोर्ज नदीवरचा छोटा पूल २००४ साली असा पहिल्यांदा दुरुस्त झाला. दहा वर्षांनी मोठं काम आलं. जिनिव्हा सरोवराच्या काठावरचे शियोंचे दोन जोडपूल, प्रत्येकी दोन किलोमीटरहून लांब, १९६६ ते १९६९ मध्ये बांधलेले. २०१२ मध्ये लक्षात आलं की त्यांच्या काँक्रीटमधल्या खडीची अल्कलीशी रासायनिक क्रिया सुरू झाली आहे आणि काँक्रीट आतून फुगतंय. त्यांचा रोग वेगळा, आपला वेगळा. पण दोघांनाही पाणीच लागतं. त्यांनी २०१४ आणि २०१५ च्या दोन उन्हाळ्यांत दोन्ही पुलांच्या डेकवर साधारण ४० मिमीचा यूएचपीसीचा थर घातला. सगळं मिळून सुमारे २,४०० घनमीटर. पूल पाडले नाहीत. २०१६ मध्ये त्या देशाच्या अभियंता संघाने या कामासाठी मार्गदर्शक नियमही छापले.

निवृत्तीनंतर भाचीकडे गेलो होतो तेव्हा मी तिथे जाऊन आलो. खाली सरोवरात जुना किल्ला आहे, सगळे पर्यटक त्याचे फोटो काढतात. मी किल्ल्याकडे पाठ करून पुलाच्या पोटाचे फोटो काढत होतो, त्यामुळे भाची जरा लांब जाऊन उभी राहिली. खरं सांगायचं तर तिथे बघण्यासारखं काही नाही. थर वर, त्यावर पुन्हा डांबर, आणि त्यावरून अवजड ट्रक जाताहेत. अमेरिकेत आयोवा राज्यानेही २०१६ मध्ये एका छोट्या पुलाच्या डेकवर असा थर घातला. न्यूयॉर्क राज्यात गळके जॉइंट काढून त्या जागी यूएचपीसीच्या लिंक स्लॅब (दोन गाळे जोडणाऱ्या लाद्या) ओतल्या गेल्या आहेत, म्हणजे पाणी खाली पडायला फटच नको.

आता आपल्या पुलाचा हिशेब पुन्हा करतो. १५० मिमी डांबर काढलं, ९८० टन उतरले. ४० मिमी यूएचपीसी घातलं, २८५ टन चढले. त्यावर एकच डांबरी थर, ३३० टन. तरीही पूल आजच्यापेक्षा सुमारे ३६५ टनांनी हलका, आणि डेक स्लॅब गर्डरच्या माथ्यावर जिथे तडकतो तिथे नेमका मजबूत. तुमच्या निविदेने तो ३३० टनांनी जड होणार आहे.

मी भाबडा नाही. या द्रव्याची जाहिरात करणाऱ्यांची पत्रकंही मी वाचली आहेत आणि त्यातली निम्मी रंगीत पानं रद्दीत घातली आहेत. वरचा थर गर्डरच्या पोटातला गंज बरा करणार नाही. तिथलं खारट काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढावंच लागेल. वरूनही मिठाने भरलेला भाग उच्च दाबाच्या पाण्याने काढावा लागेल. ब्रेकरने फोडलं तर खालच्या चांगल्या काँक्रीटला बारीक तडे जातात आणि नवा थर त्या तड्यांवरच चिकटतो. आमच्या एप्रिलच्या उन्हात हे द्रव्य भराभर आवळतं, तेव्हा ओतकाम रात्री, मिश्रणात बर्फ, आणि ओतल्याबरोबर झाकण. केसांच्या गाठी झाल्या तर ते मिश्रण फेकूनच द्यावं लागतं. आणि ज्या पुलात प्रीस्ट्रेसिंगच्या (काँक्रीटला आधीच आवळून धरणाऱ्या) केबल आहेत आणि त्याच गंजल्या आहेत, तिथे वर काहीही घाला, उपयोग नाही. पणजीचा मांडवीवरचा पूल १९७० मध्ये खुला झाला आणि ५ जुलै १९८६ ला पडला, तो केबल आतून गंजल्यामुळे. मी तेव्हा इथेच साइटवर होतो. बातमी आली तेव्हा सगळे आपापल्या गर्डरकडे बघायला लागले होते. आपल्या पुलात केबल नाहीत, हे आपलं नशीब.

महाग आहे, हेही मान्य. घनमीटरचा दर नेहमीच्या काँक्रीटच्या कित्येक पट. पण लागतं किती? अख्ख्या पुलाला ११४ घनमीटर. दर घनमीटरचा बघायचा की पुढच्या तीस वर्षांत किती वेळा निविदा काढावी लागेल तो, हे तुम्हीच ठरवा. दर पाच-सहा वर्षांनी निविदा निघण्यात कुणाचं हित असेल, तर त्याबद्दल मी काही बोलणार नाही. माझ्याकडे पुरावा नाही.

दरसूचीचं उत्तर मात्र मला देऊ नका. पस्तीस वर्षं मी ती सूची हाताळली आहे. सूचीत नसलेल्या बाबीचं दर पृथक्करण करून (साहित्य-मजुरीच्या हिशेबाने दर काढून) वरिष्ठांची मंजुरी घेता येते, आणि अशा बाबी आपण प्रत्येक मोठ्या कामात घेतल्या आहेत. विश्रामगृहाच्या इटालियन फरशीसाठी घेतल्या, पुलासाठी का नाही?

आणखी एक दुखणं. पुलाचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं असं फलकावर लिहिलंय. ते कुठे आहे? मुंबईत १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला, तोही ऑडिट झालेलाच होता. किरकोळ दुरुस्तीनंतर वापरायला योग्य असा शेरा त्याला मिळाला होता. तेव्हापासून 'ऑडिट झालं' या दोन शब्दांनी माझं समाधान होत नाही. किती कोअर (काँक्रीटचे कापून काढलेले नमुने) काढले, कुठल्या गाळ्यातून, सळईच्या खोलीवर क्लोराइड, म्हणजे मीठ, किती निघालं, हाफ-सेलचे (सळईच्या गंजाचा अंदाज देणाऱ्या चाचणीचे) आकडे काय आले, हे बघायला मिळायला हवं. नुसत्या रिबाउंड हॅमरच्या (काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कडकपणा मोजणाऱ्या उपकरणाच्या) तक्त्याला ऑडिट म्हणत असाल तर तो तक्ता मी होडीत बसून करून देतो.

मागण्या चार आहेत.

निविदेतली ५० मिमी डांबरी थराची बाब आजच रद्द करा, आणि आधीचे तिन्ही थर पूर्ण काढण्याची बाब घाला. यासाठी कुठलंही नवं तंत्र लागत नाही. नुसतं ओझं उतरवल्यावर एसटी सोडता येते का, याचं गणित आधी करून बघा.

ऑडिटचा संपूर्ण अहवाल, गाळ्यागणिक आकड्यांसह, संकेतस्थळावर टाका. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे तो कुणी न मागता टाकायला हवा होता.

एका गाळ्यावर यूएचपीसीचा थर घालून बघा. एका गाळ्याला ६ घनमीटर लागतं, एक मिक्सर गाडी. सोबतच त्या गाळ्याचे दोन्ही जॉइंट नीट करा. देखरेख व्हीजेटीआय किंवा आयआयटीकडे द्या, कामाआधी आणि कामानंतर भारचाचणी घ्या, आणि दोन पावसाळे काय होतं ते बघा. फसलं तर फसलं असं जाहीर करा. जमलं तर 'मी म्हणालो होतो' असं मी म्हणणार नाही. उरलेले १८ गाळे तोवर ओझं उतरवून, पाण्याच्या वाटा मोकळ्या करून उभे राहतील.

आणि एसटी कोणत्या तारखेपासून सुरू होईल, किंवा होणारच नसेल तर नवा पूल कधी, हे लेखी सांगा. सावित्रीवरचा नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला होता, तेव्हा मुदत सांगणं अशक्य नाही.

मार्चमधल्या पत्रासोबत जोडलेली आकडेमोड आपल्याला सापडत नसेल तर माझ्याकडे प्रत आहे, १९८७ च्या ओतकामाच्या माझ्या रोजवह्याही आहेत. कोणत्या गर्डरला कोणतं पाणी गेलं ते तारखेवार लिहिलेलं आहे. त्या मी कुणालाही दाखवायला तयार आहे, त्यातून माझ्यावर जे यायचं ते येऊ दे.

येत्या अमावस्येला ओहोटी संध्याकाळी आहे, पाणी बरंच खाली जाईल. होडी मी सांगून ठेवतो. हातोडी माझ्याकडे आहे. तुम्ही फक्त पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची तयारी ठेवून या, कारण होडीपर्यंत चिखलातून जावं लागतं.

आपला,
खाडीकाठचा एक निवृत्त शाखा अभियंता